व्यवसाय वाढतोय, मदतीला कोण घ्यायचं: असिस्टंट, को-ऑर्डिनेटर की मॅनेजर?

छोट्या व्यवसायाचा मालक "आता एक मॅनेजर ठेवायलाच हवा" असं म्हणतो, तेव्हा त्याच्या डोक्यात बहुधा एवढंच असतं की कुणीतरी यावं आणि हे सगळं बघावं. "हे सगळं" म्हणजे काय, ते मात्र कुठे लिहिलेलं नसतं. मग जाहिरातीत ईमेल, बिलं, स्टॉक, सोशल मीडिया, तक्रारी, हजेरी आणि वर "सिस्टिम बसवता आल्या पाहिजेत" असं सगळं एकाच पदात कोंबलं जातं. त्या जागेवर आलेला माणूस एक तर काही महिन्यांत सोडून जातो, नाहीतर टिकतो आणि दर पंधरा मिनिटांनी मालकाच्या टेबलापाशी येऊन उभा राहतो. दोन्ही वेळा दोष माणसाला दिला जातो. खरी चूक पद ठरवताना झालेली असते.

पदाचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा. आधी शोधायचं ते हे की काम कशापायी अडतंय. कारणं मुख्यतः तीन असतात. हात कमी पडतात: काय करायचं ते ठाऊक आहे, करायला माणूस नाही. लक्ष कमी पडतं: करणारे आहेत, पण एकाकडून दुसऱ्याकडे जाताना काम मधेच लटकतं. किंवा निर्णय कमी पडतात: सगळे तयार बसलेत आणि मालकाच्या "हो"ची वाट बघतायत. हातांसाठी असिस्टंट, लक्षासाठी को-ऑर्डिनेटर, निर्णयांसाठी मॅनेजर. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

दहा दिवसांची नोंद

यासाठी कामाचे दहा दिवस नोंद ठेवा. महिनाअखेरीला पगार, बिलं, स्टॉकमोजणी असं वेगळंच काम निघतं, म्हणून त्यातला निदान एखादा दिवस महिनाअखेरीचा येईल असा पंधरवडा निवडा. नोंद हातासरशी करायची, फार तर तासाने. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीत मोठ्या मीटिंगा येतात आणि पाच-पाच मिनिटांची कामं गळतात, आणि आपल्याला नेमकी तीच पकडायची असतात.

पाच गोष्टी लिहा: वेळ, काम, किती मिनिटं लागली, प्रकार (ह म्हणजे हात, ल म्हणजे लक्ष, नि म्हणजे निर्णय, स्व म्हणजे जे खरंच मालकानेच करायचं ते) आणि हे काम तुमच्यापर्यंत येऊन किती वेळ अडून होतं. शेवटचा रकाना बहुतेक जण सोडतात. एका सकाळची नोंद बघा:

९:२०, कोटेशनमधला पत्ता बदलून पुन्हा पाठवलं, ८ मिनिटं, ह, काल संध्याकाळपासून
९:३०, माल निघाला का ते गोदामात विचारून ग्राहकाला कळवलं, १२ मिनिटं, ल, १ तास
९:४५, पुरवठादाराच्या बिलातला दर जुन्या ऑर्डरशी ताडून पाहिला, २५ मिनिटं, ह, ३ दिवस (बिलाची मुदत अजून लांब)
१०:१५, मोठ्या ग्राहकाशी नव्या कामाची बोलणी, ४५ मिनिटं, स्व
११:०५, खराब निघालेला नग बदलून द्यायचा की पैसे परत करायचे, टीमने विचारलं, ५ मिनिटं, नि, काल दुपारपासून
११:१०, ग्राहकाने डिझाइन मंजूर केल्याचं उत्पादनाला कुणी सांगितलंच नव्हतं, ते सांगितलं, ३ मिनिटं, ल, २ दिवस

मिनिटांची बेरीज केली तर ह ३३, ल १५, नि ५. यावरून कुणीही म्हणेल, असिस्टंट घ्या. आता शेवटचा रकाना वाचा. बिल तीन दिवस पडून होतं, पण त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. शेवटचं काम तीन मिनिटांचं, आणि त्यापायी उत्पादन दोन दिवस थांबलं. मालकाची मिनिटं वाचवायला असिस्टंट पुरेल, पण या व्यवसायाचे दिवस गळतायत ते ल मध्ये. पंधरवडाभर हेच चित्र दिसलं तर पहिली नेमणूक को-ऑर्डिनेटरची करायला हवी. मालक दमलाय आणि व्यवसाय अडलाय या दोन वेगळ्या तक्रारी आहेत; मिनिटांचा रकाना पहिली दाखवतो, अडल्याचा रकाना दुसरी.

टीममध्ये चार-पाच जण असतील तर त्यातल्या दोघांनाही हीच नोंद ठेवायला सांगा. मालकाच्या नोंदीत न दिसणारी वाट बघण्याची वेळ तिथे दिसते.

आधी थोडी कात्री

नोंद हातात आल्यावर लगेच जाहिरात लिहू नका. एक-एक ओळ घेऊन विचारा: हे बंद केलं तर काय बिघडेल? कुणीही न वाचणारे रिपोर्ट, एकच माहिती दोन शीटमध्ये भरणं, "माहितीसाठी" म्हणून पंधरा जणांना जाणारे मेल असं बरंच इथे निघतं. मग विचारा की हे सॉफ्टवेअर करेल का? अपॉइंटमेंटची वेळ ठरवणं, बिलाच्या मुदतीची आठवण, फॉर्ममधून शीटमध्ये नोंद, ही कामं माणसाला देऊ नयेत. मात्र जी पद्धत दर आठवड्याला बदलतेय ती स्वयंचलित करायला जाऊ नका. ऑटोमेशन दुरुस्त करत बसणं हेच एक नवं काम होऊन बसेल.

नि च्या ओळींना वेगळी कात्री लावा. एकच प्रश्न दहा दिवसांत तीनदा आला असेल तर तो निर्णय उरला नाही, तो न लिहिलेला नियम आहे. "सात दिवसांच्या आत तक्रार, फोटो आहे, नग एकच: बदलून द्या, विचारू नका." अशा आठ-दहा ओळी लिहून भिंतीवर लावल्या की मॅनेजरची गरज वाटायला लावणारे निम्मेअधिक प्रश्न येणंच थांबतं, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. हे न करता मॅनेजर आणला तर तो पहिले तीन महिने तेच नियम तुमच्याकडून काढून घेण्यात घालवतो, तेही मॅनेजरच्या पगारात.

हात कमी पडतात तेव्हा

उरलेल्या ओळींत ह जास्त असेल तर असिस्टंट. आठवड्याला दहा-पंधरा तासांची हातांची कामं निघाली तर अर्धवेळ, पंचवीसच्या पुढे गेली तर पूर्णवेळ. हा अंदाज ठोकताळ्याचाच आहे, पण एक हिशेब पक्का ठेवा: चाळीस तासांच्या आठवड्यात चाळीस तासांचं काम बसत नाही. निरोप, दुरुस्त्या, वाट बघणं धरून तीसच्या आसपास धरा.

माणूस पूर्ण भरून टाकू नये, यामागे साधं गणित आहे. एकच माणूस आणि कामं कधीही, कशीही येणारी असतील, तर रांगेच्या मूळ सूत्रानुसार माणूस ८० टक्के वेळ कामात असताना नव्या कामाला सरासरी चार कामांइतकी वाट बघावी लागते. ९० टक्क्यांना ती नऊ कामांइतकी होते, ९५ टक्क्यांना एकोणीस. म्हणजे पंधरा मिनिटांचं काम असेल तर वाट आधी एक तास, मग सव्वादोन तास, मग पावणेपाच तास. असिस्टंटचा दिवस गच्च भरलेला दिसावा म्हणून जास्तीची कामं सोपवणारा मालक "हल्ली साध्या मेललाही उत्तर जात नाही" अशी तक्रार करतो, तेव्हा कारण बहुधा हेच असतं.

"असिस्टंट" या एका शब्दाखाली बरीच पदं येतात. ती ओळखायची सोपी खूण म्हणजे पद कशाला बांधलेलं आहे ते बघणं. एक्झिक्युटिव्ह असिस्टंट एका व्यक्तीला बांधलेला: तिचं कॅलेंडर, मेल, प्रवास, तिच्या वतीने पाठपुरावा. ऑफिस मॅनेजर जागेला बांधलेला: सामान, दुरुस्त्या, येणारे-जाणारे, नव्या माणसाची बसायची सोय. व्हर्च्युअल असिस्टंट ठरलेल्या कामांच्या यादीला बांधलेला, आणि दूर बसून. को-ऑर्डिनेटर कामाच्या प्रवाहाला बांधलेला, मॅनेजर परिणामाला. जाहिरातीत "ऑफिस मॅनेजर" लिहून मनात ऑपरेशन्स मॅनेजर (रोजचं सगळं कामकाज चालवणारा) ठेवला, की मुलाखतीला भलतीच माणसं येतात.

असिस्टंटकडून काय मागू नये, हेही ठरवा. पद्धत नसलेल्या ठिकाणी पद्धत तयार करणं हे वेगळं कौशल्य आहे. चांगला असिस्टंट दिलेली पद्धत नीट चालवतो आणि ती कुठे मोडतेय ते सांगतो. मोडलेली पद्धत नव्याने बांधावी ही अपेक्षा असेल तर पद, पगार आणि निवड तिन्ही बदलायला लागतील.

लक्ष कमी पडतं तेव्हा

याची लक्षणं ऐकू येतात. "ते झालं का?", "मला वाटलं त्याने सांगितलं असेल", "ग्राहकाचा फोन आला तेव्हा कळलं". हे टीम आळशी असल्यामुळे होत नाही. चार जणांच्या टीममध्ये दोघा-दोघांच्या जोड्या सहा होतात, आठ जणांत अठ्ठावीस, बारा जणांत सहासष्ट. माणसं तिप्पट झाली तर निरोपांच्या वाटा अकरापट होतात. चार जण एका खोलीत असताना जे कानावर पडून चालायचं, ते आठ जणांत आपोआप चालत नाही.

को-ऑर्डिनेटरकडे प्रत्यक्ष काम थोडं द्या, जवळपास नाहीच म्हटलं तरी चालेल. त्याच्याकडे एक बोर्ड असतो, कागदी असो की स्क्रीनवरचा. त्यावर प्रत्येक चालू काम, ते आत्ता कुणाकडे आहे, पुढे कुणाकडे जायचंय आणि कधी, एवढ्या चार गोष्टी. दिवसातून दोनदा तो बोर्ड फिरून बघतो आणि जे हललेलं नाही त्याच्या मागे लागतो. काम सांगायला साधं वाटतं, पण चिकाटी आणि न ओरडता पाठपुरावा करायची हातोटी लागते. या जागेवर वरच्या पदाची घाई असलेला माणूस टिकत नाही आणि भिडस्त माणूस चालत नाही.

तो काम नीट करतोय का, हे मोजायला एक चोख सूत्र आहे. अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली ते सिद्ध केलं, म्हणून ते लिटलचा नियम म्हणून ओळखलं जातं: चालू कामांची संख्या म्हणजे रोज येणारी कामं गुणिले एका कामाला लागणारे सरासरी दिवस. रोज सहा नवी कामं येतात आणि ग्राहकाला पाच दिवस सांगितलेत, तर बोर्डवर तीसच्या आसपास कामं दिसायला हवीत. अठ्ठेचाळीस दिसत असतील तर तुमचे पाच दिवस प्रत्यक्षात आठ आहेत, कुणी काहीही म्हणो. को-ऑर्डिनेटर आल्यावर दोन महिन्यांत हा आकडा उतरला नाही, तर एक तर बोर्डकडे कुणी बघत नाही किंवा अडचण मुळात हातांची होती.

नेहमीचा घोटाळा असा होतो: को-ऑर्डिनेटर हुशार निघतो, म्हणून त्याच्याकडे कोटेशन, मग बिलं, मग सोशल मीडिया येतं. तीन महिन्यांत तो स्वतःच्याच कामात बुडतो, बोर्ड जुना होतो, आणि पुन्हा "ते झालं का?" सुरू होतं. त्याच्या वेळातला निम्मा तरी पाठपुराव्यासाठी मोकळा राखून ठेवा आणि त्यावर कुणाला हात टाकू देऊ नका, स्वतःलाही.

निर्णय कमी पडतात तेव्हा

नियम लिहून झाल्यावरही टीम थांबत असेल, दोनपेक्षा जास्त वेगळी खाती असतील (म्हणा, विक्री, उत्पादन आणि डिस्पॅच) आणि मालक एक दिवस नसला तर तिन्ही थंडावत असतील, तर ऑपरेशन्स मॅनेजरची वेळ आली. इथे एकच चाचणी घ्या आणि ती स्वतःची घ्या. एका कागदावर चार गोष्टी लिहा: न विचारता किती खर्च करता येईल, ग्राहकाला किती सूट किंवा परतावा देता येईल, पुरवठादार बदलता येईल का, टीममध्ये कामाची वाटणी बदलता येईल का. चारपैकी तीन ठिकाणी तुमचं उत्तर "मला विचारून" असं येत असेल, तर तुम्हाला मॅनेजर नकोय. को-ऑर्डिनेटर घ्या, दोघेही सुखी राहाल. अधिकाराविना मॅनेजर म्हणजे महागडा निरोप्या.

प्रोजेक्ट मॅनेजरचं पद वेगळं आहे. नवी जागा, नवं सॉफ्टवेअर, नवा विभाग, असं ज्याला सुरुवात आणि शेवट आहे त्यासाठी तो ठरावीक मुदतीवर घ्यावा. रोजचं चाक फिरवायला त्याला बसवलं तर तो रोजच्या कामाचेही प्रोजेक्ट करून टाकतो. आणि सीओओ (मुख्य कामकाज अधिकारी, सगळ्या मॅनेजरांच्या वरचा) हे पद छोट्या व्यवसायात बहुतेक वेळा नावापुरतंच असतं. खाली मॅनेजर नसतील तर तो कुणाला चालवणार?

हिशेबाचं काम वेगळं ठेवा

"असिस्टंट बिलंही बघेल" ही सोय फार जणांना आवडते. बिलाची नोंद करणं, कागद लावणं इथपर्यंत ठीक. पण नवा पुरवठादार खात्यात जोडणं, पैसे मंजूर करणं, पैसे पाठवणं आणि बँकेच्या स्टेटमेंटशी ताळमेळ घालणं, ही चारही कामं एकाच्या हातात कधीच देऊ नयेत. माणूस कितीही भरवशाचा असला तरी. चूक झाली तर ती पकडणारा कुणी उरत नाही, आणि अफरातफर झाली तर ती वर्षानुवर्षं दिसत नाही. टीम अगदीच लहान असेल तर निदान एवढं करा: पैसे पाठवायची अंतिम मंजुरी मालकाच्या फोनवर ठेवा आणि स्टेटमेंट दर महिन्याला मालकानेच आधी उघडून वाचावं.

पुरवठादाराकडून "आमचं बँक खातं बदललंय" असा मेल आला, तर त्या मेलमधल्या नंबरवर फोन करू नये. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवरच करून खात्री करावी. नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगा. या फसवणुकीला नवखा माणूस सगळ्यात आधी बळी पडतो, कारण कुणाशी कसं बोलणं असतं हे त्याला अजून ठाऊक नसतं.

रोजच्या नोंदी, उधारीची यादी आणि ताळमेळ यासाठी बुककीपर, आठवड्यातले काही तास, बाहेरचाही चालतो. कर, ताळेबंद आणि सल्ला यासाठी अकाउंटंट. दुसऱ्याकडून पहिल्याचं काम करून घेणं महाग पडतं, पहिल्याकडून दुसऱ्याचं काम करून घेणं जास्त महाग पडतं.

पूर्णवेळ, अर्धवेळ की बाहेरून

काम किती आहे यापेक्षा ते कसं येतं यावर हे ठरतं. ठरलेल्या दिवशी, गठ्ठ्याने येणारं काम (पगार, बिलं, महिन्याचा रिपोर्ट) बाहेर देता येतं. दिवसभर तुरळक टपकणारं आणि अर्ध्या तासात उत्तर मागणारं काम दिवसाला दोन तासांचंच असलं तरी दोन तासांच्या माणसाकडून होत नाही. ते कुणाच्या तरी पूर्ण दिवसात बसवावं लागतं. वस्तू हातात घ्यावी लागत असेल तर दूरचा माणूस बादच.

व्हर्च्युअल असिस्टंट घेताना दोन गोष्टींचा हिशेब चुकतो. आठवड्याचे दहा तास विकत घेतले की त्यातले एक-दोन तास बोलण्या-समजावण्यात जातात, ते धरलेले नसतात. आणि त्याला कानावर पडून काहीच कळत नाही. प्रत्येक संदर्भ लिहून द्यावा लागतो. रोज निदान दोन तास दोघांच्या कामाच्या वेळा जुळतील असं बघा, नाहीतर एका प्रश्नोत्तराला एक दिवस लागतो. एजन्सीमार्फत घेतलं तर माणूस गेल्यावर बदली मिळते, पण शिकवणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

कायद्याची एक गोष्ट बघून ठेवा. करारावर "स्वतंत्र कंत्राटदार" लिहिलं म्हणून माणूस कंत्राटदार ठरतोच असं नाही. कामाचे तास, पद्धत आणि साधनं तुम्हीच ठरवत असाल तर अनेक देशांत तो कर्मचारी मानला जाऊ शकतो आणि मागचे सगळे हक्क व कर अंगावर येतात. आपल्याकडचा नियम करार करण्याआधी जाणकाराला विचारा.

खर्चात पगाराशिवाय कायद्याने द्यावी लागणारी रक्कम, लॅपटॉप, सॉफ्टवेअरची जास्तीची लायसन्स, जागा आणि शिकवण्यात जाणारा तुमचा वेळ धरा. या पदाचा तीन महिन्यांचा पूर्ण खर्च बाजूला असल्याशिवाय जागा भरू नका, कारण पहिल्या तीन महिन्यांत ते पद स्वतःचा खर्च भरून काढेल ही आशा बहुधा फोल ठरते. आणि मोकळे होणारे तास कशात घालणार, तेही आजच लिहा. लिहिलं नाही तर महिन्याभरात ते तास नव्या किरकोळ कामांनी भरलेले असतील.

एका पानाचं पद

जाहिरातीआधी एका पानावर पद लिहा. कामांची लांबलचक यादी नको, चार-पाच परिणाम पुरेत, आणि प्रत्येकात आकडा किंवा वेळ हवी. को-ऑर्डिनेटरच्या पानावर असं काही असेल: नव्या चौकशीला कामकाजाच्या चार तासांत पहिलं उत्तर, बोर्डवरचं कुठलंही काम दोन दिवसांहून जास्त हललं नसेल तर कारण लिहिलेलं, दर सोमवारी अकरापर्यंत उशिरा चाललेल्या कामांची यादी मालकाकडे, उशीर होणार असेल तर ग्राहकाला तो आधी आपल्याकडून कळलेला.

"ग्राहकाशी उत्तम संवाद ठेवणे" असं वाक्य पानावर आलं तर ते खोडा. त्यावरून सहा महिन्यांनी कुणालाच काही ठरवता येत नाही.

खाली दोन ओळी "या पदात काय येत नाही" याच्या. मग अधिकार, तीन पायऱ्यांत: स्वतः ठरवा, ठरवा आणि त्याच दिवशी सांगा, आधी विचारा. नोंदीतले नि चे सगळे प्रश्न या तीन रकान्यांत वाटून टाका. पहिल्या रकान्यात काहीच पडलं नाही, तर पान पुन्हा लिहा.

पारख

मुलाखतीत गोड बोलणारा माणूस बोर्ड नीट ठेवेलच असं नाही. दोन तासांचं, मोबदला देऊन केलेलं चाचणीचं काम दहा मुलाखतींपेक्षा जास्त सांगतं. असिस्टंटसाठी साठ ओळींची शीट द्या, त्यात पाच चुका आधीच पेरून ठेवा: एक दुबार नोंद, एक उलटी तारीख, एक चुकीची बेरीज, एक गहाळ नंबर, एकाच ग्राहकाचं नाव दोन स्पेलिंगांनी. किती सापडल्या ते बघाच, पण सापडलेली चूक गुपचूप दुरुस्त केली की नोंदवून ठेवली, हे जास्त महत्त्वाचं. गुपचूप दुरुस्त करणारा पुढे कधीतरी बरोबर आकडाही "दुरुस्त" करतो.

को-ऑर्डिनेटरसाठी वीस मिसळलेले निरोप द्या, खऱ्या नावांशिवाय. त्यातले दोन एकमेकांच्या विरुद्ध असू द्या, एकात तारीखच नसू द्या. आजचं, उद्याचं आणि कुणाचं, असं लावायला सांगा. ज्याने तारीख विचारली तो पुढे. ज्याने अंदाजाने घातली तो मागे. मॅनेजरसाठी तुमची दहा दिवसांची नोंद (नावं काढून) समोर ठेवा आणि विचारा, यातलं काय बंद कराल? सगळं तसंच ठेवून वर आणखी रिपोर्ट सुचवणारा माणूस टाळा.

आधीच्या ठिकाणी चौकशी करताना "कसे होते?" असं विचारलं की "छान" हेच उत्तर मिळतं. "त्यांच्या हातून काय निसटायचं, आणि त्यावर तुम्ही काय सोय केली होती?" असं विचारा.

पहिले तीन महिने

नेमणूक हंगामाच्या तोंडावर करू नका. गर्दीच्या काळाआधी सहा ते आठ आठवडे माणूस आत असायला हवा. शिकवण्यात पहिला महिना आठवड्याला पाच-सहा तास जातील, ते कॅलेंडरवर आत्ताच अडवून ठेवा. या काळात काम आधीपेक्षा थोडं हळू होतं. ते धरून चाला.

एक काम सोपवायचा क्रम: तुम्ही ते करताना स्क्रीन रेकॉर्ड करा आणि तोंडाने कारणं सांगत जा. नव्या माणसाने ते बघून पायऱ्या लिहायच्या, तुम्ही नाही. तुम्ही लिहिलेल्या पायऱ्यांत तुम्हाला सवयीने माहीत असलेल्या गोष्टी हमखास राहतात. मग त्याने लिहिलेल्या पायऱ्यांवरून तुमच्यासमोर एकदा करायचं, आणि नंतर एकट्याने. पहिले दोन आठवडे प्रत्येक काम तपासा, मग पाचातलं एक, न सांगता निवडून. आठवड्याला दोन-तीनच कामं सोपवा. पहिल्याच सोमवारी वीस दिली तर शुक्रवारी त्यातली पंधरा तुमच्याकडे परत आलेली असतात.

प्रश्नांसाठी रोज पंधरा मिनिटांची ठरलेली वेळ ठेवा आणि प्रश्नासोबत स्वतःचं उत्तरही आणायला सांगा: "असं झालंय, मी हे करेन, चालेल?" सुरुवातीला उत्तरं चुकतील. कुठे चुकलं ते सांगा, पण काम परत स्वतःकडे ओढून घेऊ नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रश्न तेवढेच येत असतील तर आधी अधिकारांचं पान तपासा, माणूस नंतर.

लॉगिन प्रत्येकाचं वेगळं हवं. तुमचा पासवर्ड सांगून काम चालवलं तर कुणी काय बदललं हे कधीच कळत नाही. पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर), दोन टप्प्यांची पडताळणी आणि कामापुरतीच परवानगी, इतकं पहिल्या दिवशी लावा. कुणाला कशाकशाचा प्रवेश दिला त्याची यादी त्याच दिवशी करून ठेवा. माणूस सोडून जातो त्या दिवशी ती आठवून करता येत नाही.

तिसाव्या दिवशी पानावरचा पहिला परिणाम बघा, साठाव्या दिवशी सगळे. नव्वदाव्या दिवशी दहा दिवसांची तीच नोंद पुन्हा ठेवायला घ्या. ल कमी होऊन नि वाढलेला दिसला, तर पुढची नेमणूक कुठली ते कळलं. असिस्टंटला लगेच को-ऑर्डिनेटर करायचा मोह होईल. तसं करायचं असेल तर त्याचं आधीचं काम कुणाकडे जाणार ते आधी लिहा, आणि वीस निरोपांची चाचणी त्यालाही द्या.